झाकल्या मुठीचा बाजार
हेवीवेट चॅम्पियनचे नाव एकेकाळी गल्लीबोळांत माहीत होते. आज पैसा वाढला, नाव मात्र आटले. असे का झाले?

जगातला सर्वांत जबरदस्त मुष्टियोद्धा कोण, हा प्रश्न कोणत्याही बाजारपेठेत उभे राहून विचारून पाहावा. साठीच्या पुढचा माणूस क्षणाचाही विलंब न लावता मुहम्मद अलींचे नाव घेईल. पन्नाशीच्या आसपासचा माणूस माईक टायसन म्हणेल. आणि विशी-पंचविशीतला तरुण? तोही बहुधा याच दोघांपैकी एकाचे नाव सांगेल. वास्तविक अलींनी शेवटची लढत १९८१ मध्ये दिली आणि टायसनच्या हातून शेवटचा जागतिक किताब १९९६ मध्ये गेला. त्यानंतर कितीतरी चॅम्पियन आले आणि गेले. १८ मे २०२४ रोजी रियाध येथे युक्रेनच्या ओलेक्झांडर उसिकने ब्रिटनच्या टायसन फ्युरीला हरवले आणि हेवीवेट गटाचे चारही प्रमुख किताब एका माणसाच्या हाती आले. असे निर्विवाद चॅम्पियनपद १९९९ मध्ये लेनॉक्स लुईसने मिळवल्यानंतर कोणालाच साधले नव्हते. एवढी मोठी गोष्ट घडली, तरी आपल्या ओळखीच्या दहा माणसांना उसिकचे नाव विचारले तर नऊ जण तोंडाकडे बघत राहतील.

माल तोच आहे. मेहनतही तीच आहे. पैसा तर पूर्वीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त आहे. मग नावाचा भाव का उतरला? हा प्रश्न खेळाचा कमी आणि तिजारतीचा जास्त आहे. म्हणूनच व्यापारी बांधवांसाठी या पानावर त्याचा हिशेब मांडत आहे.

फुकट बघणाऱ्याने केलेले नाव

अमेरिकेचा जो लुईस १९३७ ते १९४९ अशी १२ वर्षे हेवीवेट चॅम्पियन होता. त्याने किताब २५ वेळा राखला. १९४१ या एकाच वर्षात तो सात वेळा किताबासाठी रिंगणात उतरला. २२ जून १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये त्याने जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगला पहिल्याच फेरीत लोळवले. त्या रात्री मैदानात तिकीट काढून बसलेले प्रेक्षक सुमारे ७० हजार होते. रेडिओवर ही लढत ऐकणारे अमेरिकन सुमारे ७ कोटी होते, असा अंदाज सांगितला जातो. म्हणजे एका तिकीटवाल्यामागे हजार फुकटे! गल्ला भरला तो ७० हजारांनी, पण जो लुईसचे नाव घराघरांत नेले ते या ७ कोटींनी.

पुढे टेलिव्हिजन आला. दाढीची पाती विकणाऱ्या जिलेट कंपनीने १९४० च्या दशकापासून १९६० पर्यंत एनबीसी वाहिनीवर मुष्टियुद्धाच्या लढती दाखवल्या. शुक्रवारची रात्र म्हणजे मुष्टियुद्धाची रात्र, असे समीकरण अमेरिकेत झाले होते. बघणाऱ्याला छदामही द्यावा लागत नव्हता. खर्च पाते विकणारा करीत होता. आठवड्यामागून आठवडे घरात दिसणारा चेहरा ओळखीचा होतो आणि ओळखीच्या माणसावर गिऱ्हाईक भरवसा ठेवते, हे दुकानदाराला वेगळे सांगण्याची गरज नाही.

अलींनी दोन्ही गल्ले सांभाळले

कोणी म्हणेल की, पैसे घेऊन लढत दाखवणे तर अलींच्या काळातही होते. बरोबर आहे. ८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अली आणि जो फ्रेझर यांची लढत झाली, तेव्हा दोघांना प्रत्येकी २५ लाख डॉलर मिळाले. त्यासाठी ती लढत चित्रपटगृहांतून तिकीट लावून दाखवण्यात आली. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी झैरेची राजधानी किन्शासा येथे अलींनी जॉर्ज फोरमनला हरवले. तेथे दोघांचा मेहनताना प्रत्येकी ५० लाख डॉलर होता आणि लढत पहाटे चारच्या सुमारास सुरू झाली. कारण त्याच वेळी अमेरिकेत रात्र होती आणि तिकडच्या चित्रपटगृहांत गिऱ्हाईक बसले होते.

पण अलींनी आणि त्यांच्या सौदागरांनी एक शहाणपण राखले. मोठ्या लढती पडद्याआड विकल्या, तरी मधल्या कितीतरी लढती घरोघरच्या टेलिव्हिजनवर मोकळ्या सोडल्या. सप्टेंबर १९७७ ची अर्नी शेव्हर्सविरुद्धची लढत एनबीसीवर सर्वांना दिसली. १९७८ मध्ये लिऑन स्पिंक्सबरोबर झालेल्या दोन्ही लढतीही घरबसल्या फुकट पाहता आल्या. त्यांपैकी १५ सप्टेंबर १९७८ ची न्यू ऑर्लिन्सची लढत अमेरिकेत सुमारे ९ कोटी लोकांनी पाहिली, असे सांगितले जाते. तेव्हा त्या देशाची एकूण लोकसंख्या २२ कोटींच्या घरात होती. कापड दुकानदार चार तागे उलगडून दर्शनी भागात टांगतो, तेव्हा त्या ताग्यांना ऊन आणि धूळ लागते, थोडे नुकसानही होते. पण आतली शंभर तागांची गासडी त्या चार तागांमुळेच विकली जाते.

त्यातच अलींची जीभ हातांइतकीच चपळ होती. बोलणाऱ्याची मातीही खपते, असे आपल्याकडे म्हणतात. अलींकडे तर माती नव्हे, खरे सोने होते. शिवाय त्यांनी १९६७ मध्ये व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती होण्यास नकार दिला, त्यापायी किताब गमावला, साडेतीन वर्षे रिंगणाबाहेर काढली आणि १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्याय मिळवला. त्यामुळे त्यांचे नाव खेळाच्या पानावरून उठून पहिल्या पानावर गेले. १९७८ मध्ये तर सुपरमॅन विरुद्ध मुहम्मद अली असे चित्रपुस्तकही निघाले. झुरळांच्या सापळ्यापर्यंत जाहिराती त्यांनी केल्या. ज्या माणसाला म्हातारी आजीही ओळखते, त्याच्या नावावर काहीही विकता येते.

जानेवारी १९८० मध्ये अली भारतात आले होते. २७ जानेवारीला दिल्लीत आपल्या लष्करातले मुष्टियोद्धे कौर सिंग यांच्याशी त्यांनी चार फेऱ्यांची प्रदर्शनीय लढत दिली. त्या काळी आपल्याकडे घरोघर टेलिव्हिजनही नव्हता. तरीसुद्धा अली कोण, हे कोणालाही समजावून सांगावे लागत नव्हते.

दुकानाला दार लागले

१३ नोव्हेंबर १९८२ रोजी लास वेगास येथे रे मॅन्सिनी आणि कोरियाचा किम डुक-कू यांची लढत सीबीएस वाहिनीवर घरोघर दिसत होती. किम बेशुद्ध पडला आणि काही दिवसांनी मरण पावला. या घटनेनंतर किताबाच्या लढती १५ फेऱ्यांवरून १२ फेऱ्यांवर आणण्याची सुरुवात झाली. जेवणाच्या वेळी घरात बघितल्या जाणाऱ्या या खेळाला आपले नाव जोडावे की नाही, असा विचार जाहिरातदार करू लागले. मोफत वाहिन्या हळूहळू हात काढून घेऊ लागल्या.

दुसऱ्या बाजूने एचबीओ ही महिन्याची वर्गणी घेणारी वाहिनी १९७३ पासून या धंद्यात उतरली होतीच. टायसनच्या सुरुवातीच्या काही लढती मोफत वाहिनीवर दिसल्या. तोही सतत रिंगणात असे. १९८५ मध्ये १५ आणि १९८६ मध्ये १३ लढती त्याने दिल्या. २२ नोव्हेंबर १९८६ रोजी, अवघ्या २० व्या वर्षी, तो सर्वांत तरुण हेवीवेट चॅम्पियन झाला. मग पेप्सीची जाहिरात आली, त्याच्या नावाचा व्हिडिओ गेम निघाला. जुन्या उघड्या बाजारात तयार झालेले हे बहुधा शेवटचे मोठे नाव होते.

१९ एप्रिल १९९१ रोजी इव्हँडर होलीफिल्ड आणि जॉर्ज फोरमन यांच्या लढतीपासून एचबीओने पे-पर-व्ह्यूचे दुकान थाटले. म्हणजे वर्गणी वेगळी आणि त्या एका रात्रीचे पैसे वेगळे. सुमारे १४ लाख घरांनी पैसे भरले. सौदा झकास झाला. मग प्रत्येक नाव असलेल्या लढतीला हेच दार बसवण्यात आले. ज्याने आधीच नाव ऐकले आहे तो पैसे भरून आत येणार; ज्याने ऐकलेच नाही, त्याला ते ऐकवणारे कोणी उरले नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. गरिबी लपवायची असेल तर ती म्हण खरी आहे. पण मुठीच्या जोरावर जगणाऱ्याने मूठ झाकून ठेवली, तर सव्वा लाख आजचे मिळतात, उद्याचे गिऱ्हाईक मिळत नाही.

एका गादीचे चार वारस

दुसरे नुकसान धंद्यातल्या लोकांनी आपल्या हातांनी केले. एका गटात एक चॅम्पियन असला तर त्याचे नाव लक्षात राहते. मात्र डब्ल्यूबीए ही जुनी संस्था असताना १९६३ मध्ये डब्ल्यूबीसी, १९८३ मध्ये आयबीएफ आणि १९८८ मध्ये डब्ल्यूबीओ निघाली. वजनाचे गट १७ झाले. प्रत्येक गटात चार किताब धरले तर एकाच वेळी ६८ जागतिक किताब! बाजारात एकाच छापाचा माल चार कारखाने काढू लागले आणि चौघेही आपलाच असली म्हणू लागले, तर गिऱ्हाईक छापावरचा विश्वासच सोडून देते.

उसिकने एवढ्या वर्षांनी चारही किताब एकत्र आणले, त्यानंतर जेमतेम दीड महिन्याच्या आत त्यातला आयबीएफचा किताब त्याला सोडावा लागला. कारण प्रत्येक संस्थेचा आव्हानवीर वेगळा आणि मुदत वेगळी. जुलै २०२५ मध्ये त्याने लंडनला डॅनियल ड्युबॉइसला हरवून चारही किताब पुन्हा जमवले. त्यात लढतींची संख्याही घटली. २०२२ मध्ये उसिकची एक लढत झाली, २०२३ मध्येही एकच. लुईस वर्षात सात वेळा, अली १९७५ आणि १९७६ मध्ये चार-चार वेळा लोकांसमोर आले होते. वर्षातून एकदाच दुकान उघडणाऱ्याचा पत्ता कोण लक्षात ठेवील?

गल्ला भरला, नाव आटले

२ मे २०१५ रोजी फ्लॉइड मेवेदर आणि मॅनी पॅकियाओ यांची लढत लास वेगासला झाली. घरी बघण्याचा दर सुमारे १०० डॉलर होता. ४६ लाख ग्राहकांनी तो भरला आणि पे-पर-व्ह्यूची उलाढाल ४० कोटी डॉलरच्या पुढे गेली. या धंद्याच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा सौदा. पण दुसऱ्या बाजूने पाहा. एका घरात दहा माणसे बसली असे धरले, तरी बघणारे साडेचार कोटींच्या आसपास होतात. तोपर्यंत अमेरिकेची लोकसंख्या ३२ कोटींवर गेली होती. १९७८ मध्ये फुकट बघणाऱ्यांच्या निम्मीच ही संख्या आहे.

याचा परिणाम जाहिरातीच्या बाजारात स्पष्ट दिसतो. फोर्ब्स मासिकाच्या २०१२ च्या यादीत मेवेदर जगातला सर्वांत जास्त कमावणारा खेळाडू होता. कमाई ८ कोटी ५० लाख डॉलर. त्यातला जाहिरातीचा वाटा शून्य! २०२० च्या त्याच यादीत टेनिसचा रॉजर फेडरर पहिला आला. कमाई १० कोटी ६३ लाख डॉलर आणि त्यातले १० कोटी जाहिरातीचे. एकाने अंगमेहनतीने मिळवले, दुसऱ्याने नावाने. मेवेदरने स्वतःचा हिशेब चोख ठेवला, याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. पण त्याच्या मागून येणाऱ्या पोरांना ओळखणारे गिऱ्हाईक त्या दाराबाहेरच राहिले.

नाव हीच म्हातारपणाची शिदोरी

मुष्टियोद्ध्याचे हात १५-२० वर्षे चालतात. त्यानंतरचे ३०-४० वर्षांचे आयुष्य कशावर काढायचे? त्याला सरकारी नोकरासारखी पेन्शन नाही. खरा प्रश्न येथे आहे.

जॉर्ज फोरमनचे उदाहरण पाहा. किन्शासात हरलेला हा माणूस १९७७ मध्ये निवृत्त झाला, १९८७ मध्ये परतला आणि ५ नोव्हेंबर १९९४ रोजी ४५ व्या वर्षी पुन्हा चॅम्पियन झाला. त्याच सुमारास मांस भाजण्याच्या एका विजेच्या शेगडीला त्याने आपले नाव दिले. चरबी निथळून जाते, एवढाच तिचा गुण. १९९९ मध्ये साल्टन कंपनीने ते नाव कायमचे वापरण्यासाठी १३ कोटी ७५ लाख डॉलर मोजले. अशा १० कोटींहून जास्त शेगड्या विकल्या गेल्या. रिंगणातल्या सर्व ठोशांनी दिले नाही तेवढे एका नावाने दिले. फोरमन २१ मार्च २०२५ रोजी वारला. शेगडी अजून विकली जाते.

मरहूम मुहम्मद अलींनी २००६ मध्ये आपले नाव आणि चित्र वापरण्याचे ८० टक्के हक्क ५ कोटी डॉलरला विकले. तेव्हा ते आजारी होते आणि रिंगण सोडून पाव शतक लोटले होते. ते ३ जून २०१६ रोजी गेले. आजही रेडिमेडच्या बाजारात त्यांच्या चित्राचे टी-शर्ट मागून घेणारे तरुण भेटतात आणि त्यांतले बरेचसे अलींची शेवटची लढत झाली तेव्हा जन्मलेलेही नव्हते.

नाव असूनही हिशेब नसला तर काय होते, हे जो लुईसने भोगले. करांची थकबाकी मानेवर बसली आणि अखेरच्या काळात लास वेगासच्या एका हॉटेलात पाहुण्यांचे स्वागत करण्याची नोकरी त्याने केली. उलट, त्याच्याकडून हरलेल्या श्मेलिंगने युद्धानंतर जर्मनीत कोका-कोलाच्या व्यवसायात आपले नाव लावले आणि सुखाने जगला. आणि ज्याचे नाव बाजारात पोहोचलेच नाही, त्याचे काय? १९८२ च्या एशियाडमध्ये सुवर्णपदक आणि १९८३ मध्ये पद्मश्री मिळवणाऱ्या कौर सिंग यांच्यावर २०१७ मध्ये हृदयाच्या उपचारासाठी कर्ज काढण्याची पाळी आली. वर्तमानपत्रांत बातमी आल्यावर मदतीचे हात पुढे आले. २०२३ मध्ये ते वारले. हुनर होते, पदके होती, पण ते नाव घेऊन बाजारात कोणी उभे राहिले नव्हते.

दार पुन्हा किलकिले

सौदागर मूर्ख नसतात. उशिरा का होईना, हिशेब त्यांना कळतो. एचबीओने ४५ वर्षांनंतर २०१८ च्या डिसेंबरमध्ये मुष्टियुद्ध बंद केले. शोटाइम वाहिनीने २०२३ च्या अखेरीस तेच केले. १५ नोव्हेंबर २०२४ रोजी नेटफ्लिक्सने टेक्सासमधून टायसनची लढत दाखवली, तीही नेहमीच्या वर्गणीत. टायसन ५८ वर्षांचा होता, समोर इंटरनेटवर नाव कमावलेला जेक पॉल होता. खेळ म्हणून त्यात फारसे काही नव्हते आणि टायसन हरलाही. तरी ६ कोटी घरांनी ती पाहिली, असे नेटफ्लिक्सने जाहीर केले. म्हणजे ३५ वर्षांपूर्वी उघड्या बाजारात झालेले नाव अजून विकले जात होते, आणि त्याच वर्षी चारही किताब जिंकणाऱ्या उसिकच्या वाट्याला ही गर्दी आली नव्हती.

यातून धडा घेतल्यासारखे, १३ सप्टेंबर २०२५ रोजी टेरेन्स क्रॉफर्ड आणि कनेलो अल्वारेझ यांची खरी मोठी लढत नेटफ्लिक्सने वेगळे पैसे न घेता दाखवली. बघणारे ४ कोटींच्या वर होते, असे त्या कंपनीने सांगितले. मुष्टियुद्धाचा प्रतिस्पर्धी असलेल्या यूएफसीनेही ऑगस्ट २०२५ मध्ये पॅरामाउंटशी सात वर्षांचा करार करताना, २०२६ पासून अमेरिकेत पे-पर-व्ह्यू बंद करण्याचे ठरवले. वर्गणी अजूनही आहे. जिलेटच्या शुक्रवारसारखा सगळा फुकटचा मामला परत आलेला नाही. पण ३० वर्षांनी दार थोडे उघडले आहे.

आपल्या पेढीसाठी

आपले यंत्रमागधारक, शिंपी, कशिदाकार, चामड्याचे काम करणारे कारागीर यांच्यापैकी कितीजणांचे नाव गिऱ्हाइकाला माहीत असते? माल एका मोठ्या व्यापाऱ्याला दिला, रोख पैसे मिळाले, काम संपले. छाप त्याचा, नाव त्याचे. जोपर्यंत तो माल उचलतो तोपर्यंत ठीक. त्याने हात आखडला की बाजारात आपल्याला ओळखणारे कोणी नसते. पडद्याआडच्या चॅम्पियनची आणि या कारागिराची अवस्था एकच आहे.

यावर उपाय महागडे नाहीत. दहा नगांतला एक नग तरी आपल्या नावाने बाजारात जावा, मग त्यात नफा थोडा कमी का मिळेना. प्रदर्शनात, जत्रेत, उरुसात माल मांडावा आणि नुसते बघून जाणाऱ्याला हिडीसफिडीस करू नये. आजचा बघणारा उद्या चार गिऱ्हाइके धाडतो. एकाच भावंडांनी चार वेगवेगळे छाप काढून एकमेकांना नकली ठरवू नये. आणि आलेल्या पैशाचा व कराचा हिशेब वेळेवर लिहावा, नाहीतर जो लुईससारखे मोठे नावही म्हातारपणी कामाला येत नाही.

गल्ल्यातला पैसा खर्च होतो. नावाचे तसे नाही. ते लोकांच्या तोंडी राहिले तर मुलाबाळांच्याही उपयोगी पडते. म्हणून दिवसाचा थोडा वेळ आणि मालाचा थोडा भाग नुसत्या बघणाऱ्यासाठीही राखून ठेवावा.